वाहिनीच्या आयडेंटची अनेक रूपे आणि पडद्यावर कधीच न आलेले चित्रीकरण

दोन वक्र रेषा फिरत फिरत एकमेकींजवळ येतात, मधल्या वर्तुळाभोवती त्यांचा डोळा तयार होतो, खाली 'सत्यम् शिवम् सुंदरम्' उमटते आणि मागे संथ, लांबवलेली धून वाजत असते. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मराठी माणसांना दूरदर्शनचे हे चित्र डोळे मिटूनही दिसते. वाहिनीची ओळख सांगणाऱ्या अशा काही सेकंदांच्या चित्रफितीला दूरचित्रवाणीच्या व्यवसायात 'आयडेंट' म्हणतात. आपण तिच्याविषयी नेहमी एकवचनात बोलतो, जणू प्रत्येक वाहिनीची अशी एकच चित्रफीत असते आणि ती बदलेपर्यंत तीच लागत राहते. प्रत्यक्षात एका आयडेंटच्या मागे त्याच चित्रीकरणातून कापलेल्या अनेक चित्रफिती असतात आणि त्यांच्याही मागे पडद्यावर कधीच न आलेले कितीतरी चित्रीकरण असते. ही रूपे का तयार होतात, उरलेले चित्रीकरण कुठून येते आणि जुन्या कॅसेटमध्ये सापडलेला तुकडा नेमका कोणता आहे हे कसे ओळखावे, हा या लेखाचा विषय आहे.

रूपे का असतात हे समजण्यासाठी आधी प्रक्षेपण कक्षाचे काम कसे चालते ते पाहावे लागते. वाहिनीचे वेळापत्रक सेकंदांत मांडलेले असते. बातम्या साडेसातला सुरू व्हायच्या असतील आणि त्याआधीचा कार्यक्रम सात वाजून एकोणतीस मिनिटे पन्नास सेकंदांनी संपत असेल, तर मध्ये दहा सेकंदांची पोकळी उरते. ती कधी पाच सेकंदांची असते, कधी वीस, कधी तीस. पोकळी भरण्यासाठी आणि प्रेक्षकाला आपण कोणत्या वाहिनीवर आहोत हे सांगण्यासाठी एकच आयडेंट निरनिराळ्या लांबीत कापून ठेवावे लागते. आपल्याकडच्या पूर्वापार पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, असतात; म्हणजे दहा सेकंदांच्या आयडेंटला 250 आणि तीस सेकंदांच्या आयडेंटला 750 फ्रेम लागतात. तीस सेकंदांचे रूप म्हणजे दहा सेकंदांचेच संथ केलेले रूप नव्हे. त्यात जास्तीचे प्रसंग असतात, संगीताची आणखी एखादी ओळ असते आणि बोधचिन्ह पडद्यावर स्थिरावण्याआधी थोडा श्वास घेतलेला असतो.

पूर्वी हा लांबीचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटत असे. बीबीसीचे पहिले आयडेंट 2 डिसेंबर 1953 रोजी दिसले. अब्राम गेम्स या चित्रकाराने त्याची रचना केली होती आणि ते हलत्या भागांच्या, प्रत्यक्ष बनवलेल्या प्रतिकृतीवरून चित्रित केलेले होते. पुढे बीबीसीने पृथ्वीचा गोल आणला. त्याच्या एका अवतारात फिरणाऱ्या छोट्या प्रतिकृतीवर कॅमेरा रोखलेला असे आणि येणाऱ्या कृष्णधवल चित्रात रंग विद्युत यंत्रणेने भरला जाई. चित्र त्या क्षणी कॅमेऱ्यातून थेट येत असल्याने लांब रूप आणि आखूड रूप असा भेदच नव्हता. निवेदकाचे बोलणे लांबले तर गोल तेवढा वेळ फिरत राही. 1985 मध्ये त्याची जागा घेणारा गोलही इलेक्ट्रॉनिक यंत्र त्याच वेळी पडद्यावर काढत असे. 1991 मध्ये मात्र बीबीसीच्या दोन्ही वाहिन्यांचे आयडेंट आधी मुद्रित करून लेझरडिस्कवर, म्हणजे चित्र साठवणाऱ्या चकतीवर, ठेवले जाऊ लागले आणि लांबीला मर्यादा आली. त्यावर उपाय म्हणून चित्रफितीचा शेवटचा भाग असा आखला जाऊ लागला की तो पुन्हा पुन्हा फिरवला तरी सांधा दिसू नये किंवा शेवटची फ्रेम गोठवून निवेदकाला त्यावर बोलत राहता यावे. आज एखाद्या संग्रहात 'फिरते रूप' किंवा 'स्थिर शेवटाचे रूप' अशी नोंद दिसते, तिचे मूळ या अडचणीत आहे.

लांबीनंतरचा भेद आवाजाचा. एका रूपात फक्त संगीत असते. दुसऱ्यात संगीताची पातळी मुद्दाम खाली आणलेली असते, कारण त्यावर निवेदिकेचा आवाज बसवायचा असतो. तिसऱ्यात वाहिनीचे नाव उच्चारणारा मुद्रित आवाज असतो. याखेरीज अक्षरांविना असलेली मूळ प्रत, जिला या व्यवसायात 'क्लीन मास्टर' म्हणतात, जवळपास नेहमीच जपलेली असते. तिच्यावर बोधचिन्ह नसते, घोषवाक्य नसते, चॅनेलचे नावही नसते. ही प्रत कुठून तरी बाहेर आली की लोकांना ती अपूर्ण किंवा रद्द केलेली वाटते. खरे पाहता बाकीची सगळी रूपे तिच्यावरूनच काढली जातात.

सोलापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी लांब जायला नको. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर एकदा नक्षीची भोके पाडलेली कार्डे लावली की ताण्याबाण्याचे रंग बदलून त्याच नक्षीच्या किती तरी चादरी निघतात. मोर तोच राहतो, पण लाल चादर वेगळी आणि हिरवी वेगळी. आयडेंटचा क्लीन मास्टर म्हणजे ती कार्डे समजावीत.

भाषेची रूपे हा तर सोलापूरकरांचा घरचा विषय आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कानडी कानावर पडते आणि व्यवहार मराठीत चालतो. त्यामुळे इथल्या केबलवर या तिन्ही भाषांच्या वाहिन्या शेजारी शेजारी दिसत आल्या आहेत. हैदराबादच्या ई टीव्ही समूहाची तेलुगू वाहिनी 1995 मध्ये सुरू झाली आणि 2000 मध्ये त्याच बोधचिन्हाखाली मराठी वाहिनी आली. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ई टीव्ही मराठीचे बोधचिन्ह एकटे दिसले. सोलापुरातल्या घरात मात्र रिमोटची दोन बटणे दाबून एकाच घराण्याची दोन भावंडे समोरासमोर ठेवता येत होती. बहुभाषिक समूह आपले आयडेंट साधारणपणे अशा रीतीने तयार करतात की मधला चित्रभाग सगळ्यांना चालावा आणि शेवटची अक्षरे तेवढी बदलावीत. म्हणून अशा आयडेंटमध्ये अक्षरे बहुधा अगदी शेवटी आणि मोकळ्या पार्श्वभूमीवर येतात. चित्रातल्या एखाद्या फलकावर किंवा भिंतीवर मजकूर असेल तर तो प्रत्येक भाषेसाठी नव्याने करावा लागेल, म्हणून तो टाळलेला असतो. हे एकदा लक्षात आले की एखादे आयडेंट एकट्या वाहिनीसाठी बनवले आहे की समूहासाठी, याचा अंदाज बऱ्याचदा ते पाहता पाहताच बांधता येतो.

सणांच्या रूपांविषयी फार सांगण्यासारखे नाही. गणपती, दिवाळी, पाडवा आला की बोधचिन्हाला तोरण लागते, पणत्या लागतात आणि आठवड्याने सगळे उतरवले जाते. यापेक्षा शोककाळातले रूप अधिक अभ्यासण्याजोगे आहे. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत दूरदर्शनवरचे नेहमीचे कार्यक्रम थांबत आणि शास्त्रीय वादन लागे. सारंगी लागली म्हणजे कोणी तरी मोठे गेले, असे घराघरांतले जुने माणूस बातमी ऐकण्याआधीच सांगत असे. अशा प्रसंगी नाचते-गाते आयडेंट शोभत नाही, म्हणून अनेक वाहिन्या एखादे संयत, मंद किंवा संगीतहीन रूप आधीच तयार करून ठेवतात. ते वर्षानुवर्षे लागत नाही आणि वाहिनीचे रूपच बदलले तर कधीच न लागता बाद होते. पूर्ण तयार होऊनही प्रेक्षकांपर्यंत न पोहोचलेल्या चित्रफितींत अशा राखीव रूपांचा वाटा मोठा असणार, असे मला वाटते.

आता न दाखवलेल्या चित्रीकरणाकडे येऊ. त्याचे प्रमाण आयडेंट कसे बनवले यावर अवलंबून असते. दूरदर्शनच्या डोळ्याचेच पाहा. बोधचिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने रेखाटले. त्याच संस्थेत ते आकार कॅमेऱ्याखाली ठेवून, थोडे थोडे फिरवत, अंतिम डोळा तयार होईपर्यंत चित्रित केले गेले. धून पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीने बांधली. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले त्या 1 एप्रिल 1976 रोजी हे सगळे पडद्यावर आले. फ्रेममागून फ्रेम अशा सचेतनपटाच्या पद्धतीत वाया जाणारे चित्रीकरण तुलनेने कमी असते, कारण हालचाल आधी कागदावर ठरते आणि मगच कॅमेऱ्याखाली जाते. तिथे 'न पाहिलेले' म्हणजे मुख्यतः नापसंत रेखाटने आणि चाचणीचे तुकडे. संगणकावर बनलेल्या आयडेंटचेही तसेच. ब्रिटनच्या चॅनल फोरचे 2 नोव्हेंबर 1982 रोजी आलेले, रंगीत ठोकळे उडत येऊन 4 चा आकडा बनवणारे आयडेंट मार्टिन लॅम्बी-नेर्न यांनी कल्पिले आणि त्याचे संगणकीय काम लॉस एंजेलिसमध्ये करून घ्यावे लागले. प्रत्येक सेकंद महाग असताना जास्तीचे चित्र कोणी बनवून ठेवत नाही.

प्रत्यक्ष वस्तूंवर कॅमेरा लावला की गणित उलटे होते. त्याच लॅम्बी-नेर्न यांनी 1991 मध्ये बीबीसी टूसाठी 2 या आकड्याची मालिका केली. कुठे त्या आकड्यावर हिरवा रंग येऊन आदळतो, तर कुठे धातूचे पाते होऊन तो जमिनीत रुततो. रंगाचा असा शिडकावा डोळ्यांनी पाहिला तर क्षणात संपतो, म्हणून तो फार वेगाने चित्रित करून संथ दाखवावा लागतो. समजा कॅमेरा सेकंदाला 250 फ्रेम घेतो आणि त्या आपण 25 च्या गतीने दाखवतो. मग घडलेला एक सेकंद पडद्यावर दहा सेकंदांचा होतो. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात सोळा हजार. नेहमीच्या गतीने ते रीळ दहा मिनिटांहून थोडे जास्त चालेल, तर 250 च्या गतीने अवघ्या 64 सेकंदांत संपेल. कॅमेऱ्याला गती पकडायला वेळ लागतो आणि रंग फेकणाऱ्याचा हात नेमक्या क्षणी चालावा लागतो. चुकले की आकडा पुसा, पार्श्वभूमी धुवा, दिवे पुन्हा जुळवा आणि नवे रीळ चढवा. पडद्यावरच्या दहा सेकंदांमागे मिनिटा-मिनिटांची अनेक रिळे पडून राहतात ती यामुळे. त्यांतल्या काही टेकमध्ये, म्हणजे एकेका प्रयत्नात, शिडकावा पडद्यावर आलेल्यापेक्षा सुंदरही असू शकतो, परंतु तो नाव झाकतो किंवा संगीताच्या ठोक्यावर बसत नाही, एवढ्या कारणाने बाजूला पडतो.

हवामानावर अवलंबून असलेल्या चित्रीकरणात हा पसारा आणखी वाढतो. बीबीसी वनने ऑक्टोबर 1997 ते मार्च 2002 या काळात पृथ्वीचा नकाशा रंगवलेला मोठा तप्त हवेचा फुगा ब्रिटनभर फिरवून चित्रित केला. फुगा वाऱ्याच्या मर्जीने जातो, त्यामुळे तो नेमका डोंगरामागून किंवा पुलावरून येईपर्यंत कॅमेरा चालू ठेवणे आणि नंतर संकलनाच्या टेबलावर निवड करणे याला पर्याय नसतो.

अमेरिकेतल्या एचबीओ या वाहिनीचे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचे आयडेंट मला या सगळ्यांत सर्वांत शिकवणारे वाटते. न्यूयॉर्कच्या लिबर्टी स्टुडिओजमध्ये हाताने एक छोटे शहर बांधले गेले. त्यासाठी सुमारे तीन महिने लागले. त्यात रस्ते, दुकाने, घरे आणि खिडक्यांतले उजेड होते. कॅमेरा त्या शहरावरून सरकत आकाशात जातो आणि तिथे धातूची चकाकणारी तीन अक्षरे येतात. लांब रूपाची सुरुवात शहरात होतच नाही. ती एका घरात होते, जिथे माणसे टीव्ही पाहायला बसत आहेत, आणि तिथून कॅमेरा खिडकीबाहेर पडतो. आखूड रूपांत हे घर नाही. ज्यांनी फक्त आखूड रूप पाहिले त्यांच्यासाठी ते घर 'न पाहिलेले चित्रीकरण' होते, पण वाहिनीच्या दृष्टीने तो मूळ चित्रफितीचाच भाग होता. एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून एचबीओने हे शहर कसे बांधले, अक्षरांतले प्रकाशझोत कसे साधले, याचा छोटा माहितीपटही केला आणि तो आपल्याच वाहिनीवर दाखवला. पडद्यामागचे चित्रीकरण मुद्दाम आणि प्रेक्षकांसाठी जपले गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

एरवी ते जपले जात नाही आणि त्यामागे बेफिकिरीखेरीज व्यावहारिक कारणेही आहेत. टेप महाग होती, म्हणून जगभरच्या वाहिन्यांनी ती पुसून पुन्हा वापरली. बीबीसीने 1960 आणि 70 च्या दशकांत तर अख्खे कार्यक्रम पुसले, तिथे आयडेंटच्या टेकची काय कथा. दुसरे कारण हक्कांचे. संगीतकाराशी, नटांशी, चित्रीकरणाच्या जागेच्या मालकाशी झालेले करार ठरावीक मुदतीचे आणि ठरावीक वापराचे असतात. मुदत संपलेल्या चित्रफितीचा वाहिनीला काही उपयोग उरत नाही. तिसरे कारण नावबदलाचे. 1999 मध्ये सुरू झालेली अल्फा मराठी 2005 मध्ये झी मराठी झाली आणि ई टीव्ही मराठी 2015 मध्ये कलर्स मराठी झाली. अशा बदलाच्या दिवशी जुन्या नावाची सगळी रूपे, लांब-आखूड, सणांची, शोकाची, एकदमच निरुपयोगी होतात. जे उरते ते निर्मिती करणाऱ्या स्टुडिओच्या नमुनाफितीत, एखाद्या संकलकाच्या कपाटात किंवा प्रेक्षकांनी घरी केलेल्या मुद्रणात.

घरच्या मुद्रणाविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण सोलापुरातल्या वाचकाच्या हाती बहुधा तेच असेल. 1982 च्या आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ टीव्हीवरचे चित्र कॅसेटवर मुद्रित करणारे व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले. रविवारचा चित्रपट, लग्नाचा सोहळा आणि सोलापूरची गड्ड्याची यात्रा एकाच कॅसेटवर एकामागून एक मुद्रित झालेली असणे अगदी नेहमीचे आहे. अशा कॅसेटमध्ये आयडेंट सापडते ते चित्रपटाच्या तोंडाशी, आणि ते हमखास तुटलेले असते. बटण दाबल्यावर व्हीसीआर टेप ओढून चित्र उमटवणाऱ्या फिरत्या हेडभोवती गुंडाळतो आणि मगच मुद्रण सुरू करतो. यात काही सेकंद जातात, त्यामुळे आयडेंटचे डोके नाहीसे होते. जाहिरात लागली की घरातले कोणी तरी पॉज दाबायचे आणि ती संपली की पुन्हा सोडायचे. पॉजनंतर बरीच यंत्रे टेप जराशी मागे घेऊन जोडणी करतात, त्यामुळे आधीच्या तुकड्याची शेपूटही थोडी पुसली जाते. म्हणजे दहा सेकंदांच्या आयडेंटचे मधले सहा सेकंद उरतात आणि तीस वर्षांनी कोणाला ते 'सहा सेकंदांचे अज्ञात रूप' वाटते. खऱ्या आखूड रूपात संगीत त्या लांबीसाठी बसवलेले असते. ते स्वरावर सुरू होते आणि स्वरावर संपते. सूर मधूनच उचलला गेला असेल तर तो व्हीसीआरचा प्रताप समजावा.

दुसरी खूण चित्राच्या कडांना असते. जुने काचेचे टीव्ही चित्राचा बाहेरचा काठ चौकटीआड लपवत. कॅसेट संगणकावर उतरवली की तो काठ दिसू लागतो आणि तळाशी काही ओळींत थरथरणारी, तुटकी पट्टी दिसते. व्हीएचएस या घरोघरच्या कॅसेटप्रकारात एका हेडकडून दुसऱ्याकडे चित्र सोपवले जाते तिथे ही पट्टी पडते, म्हणजे ती घरगुती व्हीएचएसची सही मानायला हरकत नाही. ती असेल तर हा तुकडा वाहिनीच्या मास्टरवरून थेट उतरवलेला नसावा. मात्र कडेला दिसणारा जास्तीचा भाग, सजावटीचा कोपरा किंवा अक्षरांभोवतीची मोकळी जागा, ही त्या काळच्या जवळपास कोणत्याच प्रेक्षकाने पाहिलेली नसते. प्रत्येक जुन्या आयडेंटमध्ये न पाहिलेले इतके तरी असतेच.

तिसरी खूण अलीकडची आणि जास्त फसवी आहे. जुनी चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी उजळून, सेकंदाला 25 ऐवजी 60 फ्रेमची करून सर्वत्र फिरते. त्यातल्या वाढीव फ्रेम कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेल्या नसतात. यंत्राने शेजारच्या दोन फ्रेमवरून अंदाजाने रचलेल्या असतात. फिरत्या वक्रांच्या कडा क्षणभर वितळल्यासारख्या दिसणे, खालची देवनागरी अक्षरे आकार बदलत स्थिरावणे किंवा शिरोरेघ मध्येच तुटून जुळणे ही याची लक्षणे आहेत. हौशी मंडळींनी संगणकावर नव्याने बनवलेल्या नकलाही असतात आणि काही इतक्या मन लावून केलेल्या असतात की कौतुक वाटावे, परंतु त्यांत निवेदिकेचा आवाज, पुढच्या कार्यक्रमाची पाटी किंवा घड्याळ क्वचितच असते. माझ्या मते हा आजूबाजूचा भागच अधिक मोलाचा आहे. आयडेंटची स्वच्छ प्रत कधी ना कधी एखाद्या स्टुडिओतून मिळेल, पण सोलापूरच्या पुनर्प्रक्षेपण केंद्रावरून दिसलेली 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी आणि तिच्यानंतर अर्ध्यातून सुरू झालेला कार्यक्रम कोणत्याही स्टुडिओत मिळायचा नाही.

म्हणून कॅसेट उतरवून घेताना दुकानदाराला फक्त लग्न किंवा फक्त चित्रपट उतरवायला सांगू नये, कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड उतरवायला सांगावी आणि फाइल कापू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात ठेवलेली टेप आकसते आणि वाकते. पावसाळ्यात ओल लागली तर तिच्यावर बुरशी धरते. अशी कॅसेट थेट यंत्रात घातली तर टेप तुटते आणि हेडही खराब होते, तेव्हा आधी ती उघडून स्वच्छ करणारा माणूस गाठावा. उतरवलेल्या फाइलच्या नावात वाहिनी, अंदाजे साल आणि कॅसेटवरच्या चिठ्ठीचा मजकूर जसाच्या तसा लिहावा. आयडेंटची लांबी मोजायची झाल्यास सेकंदांत न मोजता फ्रेममध्ये मोजावी आणि आधी काय होते, नंतर काय लागले हेही टिपून ठेवावे, कारण तुकडा पूर्ण आहे की तुटलेला याचा निकाल त्यावरूनच लागतो. चित्राचे आणि संगीताचे हक्क वाहिनीकडे किंवा निर्मात्याकडेच राहतात, त्यामुळे ती प्रत विकण्याचा किंवा स्वतःच्या नावावर मिरवण्याचा अधिकार कॅसेटच्या मालकाला मिळत नाही.